आधी काच बघा, मग बल्ब! उसाच्या हंगामात जुन्या गाड्यांचे पिवळे हेडलाइट धोक्याचे

गाळप हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आल्याच. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. त्यावर दरवर्षी ओरड होते आणि ती व्हायलाच पाहिजे. पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या गाडीचा उजेड पडला तरच तो चमकतो. आपल्या जुन्या गाडीचा उजेड तेवढा उरलाय का, हे कोण बघणार?

हेडलाइटची काच म्हणतो ती आता काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचं कडक प्लास्टिक असतं. त्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ थर असतो. ऊन आणि धुळीनं तो गेला की प्लास्टिक पिवळं, धुरकट होतं. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संस्थेनं २०१८ मध्ये तपासणी केली. अशा खराब हेडलाइटमधून नव्याच्या जेमतेम २० टक्के उजेड बाहेर पडत होता.

आपल्याकडं यावर एकच इलाज चालतो, तो म्हणजे पांढरा एलईडी बल्ब. पण हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी टाकला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. धुरकट काच तो आणखी फाकवते. समोरच्याचे डोळे दिपतील असा दिवा केंद्रीय मोटार वाहन नियमांतही चालत नाही.

खरा इलाज सोपा आहे. बाजूच्या पत्र्याला टेप लावा. पाणी मारत १०००, २०००, ३००० नंबरचा पॉलिश पेपर क्रमानं घासा, मग कंपाउंडनं चमक आणा. शेवटी यूव्ही कोटिंग मारायचंच. ते नसलं तर काच पुन्हा लवकर पिवळी पडते. टूथपेस्टचं तेच, चार दिवसांची चमक.

पिवळेपणा आतून असेल, पाणी शिरलं असेल किंवा आतली चंदेरी चमक उडाली असेल तर घासून उपयोग नाही, हेडलाइट बदलाच. दोन्ही बाजूंचे एकदम बदला आणि गॅरेजवाल्याकडून फोकस सेट करून घ्या.

खासगी गाडीची आरटीओत तपासणी होते ती १५ वर्षांनी, नोंदणी वाढवताना. मधल्या काळात हेडलाइट बघायला कुणी येत नाही. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावणं हे ट्रॉलीवाल्याचं काम, तो दिसेल एवढा उजेड ठेवणं आपलं. हंगामाआधी एवढं तरी करून घ्या.