हात न लावता मोबाईल गेम: आवाज, नजर की भुवई?

अपघातानंतर माझ्या मावसभावाला हात उचलता येत नाहीत. रात्री जेवणं झाली की आम्ही भावंडं आपापल्या गावाहून ऑनलाइन लुडो खेळायचो. त्यात त्याला परत घ्यायचं म्हणून मी दोन आठवडे स्पर्शाविना चालणारे पर्याय तपासत होतो.

आधी आवाज. अँड्रॉइडच्या व्हॉइस ॲक्सेसला बटणाचं नाव सांगितलं की ते दाबलं जातं. सेटिंग्जमध्ये झकास चालतं, गेममध्ये गाडी अडते. कारण बरेचसे गेम अख्खी स्क्रीन एकच चित्र म्हणून रंगवतात. त्यातलं 'प्ले' बटण आपल्याला दिसतं, अँड्रॉइडला नाही! मग स्क्रीनवर आकड्यांची जाळी आणायची आणि हव्या त्या चौकोनाचा आकडा बोलायचा. तोवर लुडोत आपली पाळी गेलेली असते.

नजरेची सोय आयफोनवर २०२४ च्या आयओएस १८ पासून आहे, तीही आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल तर. नजर एका जागी रोखली की टॅप होतो. पण रोखून बघणं हाच मुळात उशीर. बुद्धिबळाला ठीक आहे.

(हवेत हात हलवून चालणारा रडार २०१९ च्या पिक्सेल ४ मध्ये होता. ६० गिगाहर्ट्झच्या परवानगीअभावी तो फोन भारतात आलाच नाही. आणि हात हलवणं हीच तर इथे अडचण आहे.)

मला सर्वांत पटला चेहरा. स्नायूंच्या आजारामुळे हातपाय न चालणारा गेम स्ट्रीमर लान्स कार याच्या गरजेतून गूगलचा प्रोजेक्ट गेमफेस सुचला. २०२३ मध्ये तो विंडोजसाठी आला, २०२४ मध्ये अँड्रॉइडचा कोडही खुला झाला. यात पुढचा कॅमेरा चेहऱ्याच्या ५२ हालचाली आकड्यांत मोजतो. मान वळवली की कर्सर सरकतो, ठरवलेली हालचाल केली की टॅप. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दर ३३ मिलीसेकंदांनी नवं चित्र मिळतं, म्हणजे शब्द पूर्ण होण्याची वाट बघावी लागत नाही.

गिटहबवरून कोड घेऊन मी ॲप बिल्ड केलं. टॅपसाठी आधी 'तोंड उघडणं' ठेवलं होतं, तर पठ्ठ्या हसला की फासा पडायचा. आता भुवई ठेवली आहे.

तरी ऑनलाइन डावात तो अजून हरतो. चाल चुकते म्हणून नाही, पाळीचं घड्याळ संपतं म्हणून. कॅमेरा, मॉडेल सगळं तयार आहे. गेमवाल्यांनी फक्त मित्रांच्या डावात वेळ वाढवायचं एक बटण द्यायचं आहे, आणि बटणांची नावं सिस्टिमला कळवायची आहेत. तोवर मी रविवारी त्याच्या घरी जातो आणि आम्ही एकाच फोनवर, घड्याळाशिवाय खेळतो.