ठेच लागलेल्याचा सल्ला

मद्य सोडण्याचा उपदेश आपल्या समाजात मुबलक मिळतो. तो ऐकून मद्य सोडलेला मनुष्य मात्र विरळा. मद्यपी हटवादी असतो, असे म्हणून उपदेशक मोकळे होतात. परंतु उपदेश उंचावरून येतो, हे त्याहून खरे कारण असावे.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे न्यूयॉर्कचे शेअर दलाल बिल विल्सन आणि स्थानिक शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली. मद्य शरीराचे काय करते, हे स्मिथ यांना दुसऱ्याने शिकविण्याचे कारणच नव्हते. विल्सन स्वतःची फजिती सांगत होते, म्हणून त्यांनी ऐकले. त्यानंतरही ते एकदा घसरले. त्यांच्या अखेरच्या प्याल्याचा दिवस, १० जून, हा ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा स्थापनादिन मानला जातो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे उभारलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनमुक्त झालेले रुग्ण पुढे समुपदेशक झाले.

याला निव्वळ सहानुभूतीचा विजय समजणे भाबडेपणाचे होईल. ‘मी दोनच घेतो’ ही थाप डॉक्टरांपुढे खपते. जो स्वतः वर्षानुवर्षे तीच थाप पत्नीला मारीत आला, त्याच्यापुढे खपत नाही. रुग्णाला आपण पकडले गेल्याचे कळते, पण अपमान झाल्यासारखे वाटत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेनच्या आढाव्यात २७ अभ्यासांची छाननी झाली. संपूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत रुग्णाला या मंडळाशी जोडणारे पद्धतशीर उपचार अन्य प्रस्थापित मानसोपचारांहून सरस ठरले.

तथापि अनुभव म्हणजे वैद्यकशास्त्र नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने मद्य एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. ‘मी एका रात्रीत सोडली, तूही सोड’ असे सांगणारा प्रांजळ असेल, पण घातकही आहे. (आत्मकथनाचे हल्ली भांडवलही होते, अश्रूंपाठोपाठ चूर्णाची पुडी पुढे येते.) आपली हकीकत कोठे लागू पडत नाही हे जो सांगतो आणि वेळीच डॉक्टरांकडे धाडतो, त्याच्यावरच विश्वास टाकावा.

अशी माणसे सरकारी रुग्णालयांना हवी असतील, तर त्यांना प्रशिक्षण, डॉक्टरांची देखरेख आणि नियमित वेतन द्यावे लागेल. ‘तुम्ही बरे झालात, आता समाजाचे ऋण फेडा’ असे म्हणून त्यांना तुटपुंज्या मानधनावर राबविणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही.