न काढलेल्या चित्रांचे काय?

व्यंगचित्रकाराला आपण हमखास विचारतो, "कल्पना सुचते कशी?" खरा प्रश्न वेगळा आहे: सुचलेली कोणती कल्पना कागदावर उतरवली नाही, आणि का?

आर. के. लक्ष्मण यांच्या पाठीशी मोठे वृत्तपत्र होते. असीम त्रिवेदी आपल्या संकेतस्थळावरून एकटेच चित्रे मांडत होते. २०१२ मध्ये मुंबईत त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. तो आरोप पुढे मागे घेतला गेला. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणाले, या चित्रांत विनोद नाही, राग आहे. पण तेवढ्यावरून अभिव्यक्तीस्वातंत्र्य हिरावता येत नाही.

निकाल येईपर्यंत अनेकांचे हात आखडलेले असतात. म्हणून स्वतंत्र व्यंगचित्रकाराला कौतुकाबरोबर वर्गणीदार आणि वकीलही हवेत. आणि त्याचा कुंचला आपल्याच माणसांवर फिरेल, तेव्हाही आपली साथ हवी.