पडदा नवा, खेळ मंद : दोष कोणाचा?

दोस्तांनो, मागच्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. चहाचा कप हातात घेतो न घेतो तोच फोन वाजला. पलीकडे माझा भाचा. यंदा नववीत आहे. आवाज अगदी रडवेला.

"मामा, माझं ग्राफिक्स कार्ड गेलं!"

गेलं म्हणजे नेमकं काय झालं, ते हळूहळू कळलं. वाढदिवसाचे पैसे, आजोबांनी दिलेले पैसे आणि बाबांनी घातलेली भर, असं सगळं मिळून त्याने नवाकोरा २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला होता. जुन्या पडद्यावर त्याचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ लोण्यासारखा चालायचा. नव्या पडद्यावर मात्र गाडी पुढे जायच्या ऐवजी उड्या मारत होती. बाबांनी दुकानात जाऊन नव्या कार्डाची किंमतही विचारली होती. ती ऐकल्यापासून घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं.

म्हटलं, "थांब. कार्ड विकत घेऊ नका आणि जुनं काढूही नका. मी येतो. तोवर वही-पेन्सिल काढून ठेव."

"वही? ती कशाला?"

तुम्हीही काढा बरं. कारण पहिली तपासणी कागदावरच करायची आहे.

संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. भाच्याच्या जुन्या पडद्यावर आडव्या रांगेत १,९२० आणि उभ्या रांगेत १,०८० ठिपके होते. गुणाकार करा. आले का २०,७३,६००? आता नवा पडदा : ३,८४० गुणिले २,१६०. उत्तर ८२,९४,४००. म्हणजे बरोबर चौपट! पडदा २४ इंचांवरून २७ इंचांवर गेला, म्हणून डोळ्यांना तो थोडासाच मोठा वाटतो. पण ठिपके मोजले तर अंगण चौपट झालेलं असतं.

आणि ही रांगोळी एकदाच काढून भागत नाही. चित्र हलतं दिसायला हवं, तर ती पुसून पुन्हा पुन्हा काढावी लागते. एका सेकंदात ६० चित्रं हवी असतील, तर एका चित्राला वेळ मिळतो सुमारे १६.७ मिलीसेकंद. मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात जुन्या पडद्याचे वीस लाख ठिपके भरणारं कार्ड आता त्याच वेळात ब्याऐंशी लाख ठिपके कसे भरणार? जुन्या पडद्यावर त्याचा खेळ सेकंदाला साधारण ६० चित्रांनी चालायचा. साठ भागिले चार किती? पंधरा. आणि खेळातला आकडा दाखवत होता पंधरा-सोळा!

"म्हणजे कार्ड बिघडलेलं नाही?" भाच्याने विचारलं.

"बिघडलं असतं, तर आकडा असा हिशोबात बसला नसता. पण नुसत्या अंदाजावर थांबायचं नाही. तपासून बघू."

तपासताना एक नियम पाळायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी आकडा वहीत लिहायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

सुरुवात केली तारेपासून. बऱ्याच संगणकांच्या मागे पडद्याची तार लावायला दोन जागा असतात, एक मदरबोर्डवर आणि दुसरी ग्राफिक्स कार्डावर. घाईत तार मदरबोर्डला लागली, तर कार्ड बाजूला राहतं आणि खेळ रडतखडत चालतो. भाच्याची तार जागेवर होती. पण माउस हलवला, तर बाण पडद्यावर अडखळत सरकत होता. खेळ बंद असतानासुद्धा! विंडोजच्या सेटिंग्जमध्ये गेलो. तिथे सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. पडदा सेकंदाला फक्त ३० वेळा चित्र बदलतोय, म्हणजे ३० हर्ट्झवर चाललाय, असं तिथे दिसलं.

कारण सोपं होतं. त्याचं कार्ड जुनं. त्यावरचं एचडीएमआय २००९ सालच्या १.४ या आवृत्तीचं. त्यातून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकतं. ६० वेळा जाण्याची सोय २०१३ च्या २.० या आवृत्तीत आली. पण त्याच कार्डावर डिस्प्लेपोर्टचीही जागा होती. त्याची १.२ ही आवृत्ती फोर-के ६० हर्ट्झने पाठवते. आणि डिस्प्लेपोर्टची तार मॉनिटरच्या खोक्यात तशीच पडून होती, वेटोळंसुद्धा सोडलेलं नव्हतं! संगणक बंद करून ती लावली, सेटिंग्जमध्ये ६० निवडलं, आणि बाण झर्रकन पळायला लागला. खर्च शून्य.

खेळाचा आकडा मात्र सोळावरच होता. तो वहीत लिहिला आणि पुढे गेलो.

आता प्रश्न असा, की अडतंय कोण? खेळात दोघं जण राबत असतात. गाडी कुठे आहे, कशाला धडकली, हे ठरवतो प्रोसेसर. ते चित्र ठिपक्याठिपक्याने भरतं ग्राफिक्स कार्ड. जणू आई रांगोळीची नक्षी सांगतेय आणि ताई रंग भरतेय. दोघींतलं कोण मागे पडतंय, ते कसं ओळखायचं? अंगण लहान करून बघायचं! लगेच वेग वाढला, तर ताईवर भार जास्त होता. नाही वाढला, तर आईचं सांगणंच सावकाश चाललंय.

खेळाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आम्ही रेझोल्यूशन पुन्हा १,९२० × १,०८० केलं, बाकी काहीही बदललं नाही. आकडा गेला थेट साठच्या जवळ! म्हणजे प्रोसेसर ठीक आणि कार्डही ठणठणीत. फक्त कामाचा डोंगर चौपट झालेला. (टास्क मॅनेजरमध्ये कार्ड १०० टक्के कामात दिसलं तर घाबरू नका. खेळ चालू असताना ते सगळा जोर लावतंय, एवढाच त्याचा अर्थ. मात्र आधी नीट चालणारा खेळ अर्ध्या तासाने मंदावत असेल, तर पंख्यात धूळ साठून कार्ड तापतंय का, ते मोठ्यांबरोबर बघा. प्लग काढल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हे तर तुम्हाला माहीतच आहे.)

"मग आता आयुष्यभर कमी ठिपक्यांवरच खेळू? नवा पडदा घेऊन उपयोग काय?" भाचा खट्टू झाला.

नाही रे बाबा, मधला रस्ता आहे. कार्डाने लहान चित्र काढायचं आणि मग ते हुशारीने मोठं करायचं. याला अपस्केलिंग म्हणतात. एएमडी कंपनीची एफएसआर ही पद्धत २०२१ मध्ये आली आणि तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्या बऱ्याच जुन्या कार्डांवरही चालतात. एनव्हिडियाच्या डीएलएसएसला मात्र त्यांचंच आरटीएक्स कार्ड लागतं. खेळात ही सोय असेल, तर 'क्वालिटी' निवडल्यावर फोर-केसाठी कार्ड २,५६० × १,४४० चं चित्र काढतं आणि 'परफॉर्मन्स' निवडल्यावर १,९२० × १,०८० चं. मोठं करायला थोडा वेळ जातोच, म्हणून सगळाच वेग परत मिळत नाही. भाच्याच्या खेळात आम्ही 'परफॉर्मन्स' निवडलं. आकडा पन्नासवर आला. सावल्या 'अल्ट्रा'वरून 'मीडियम'वर आणल्या, आणि आकडा पंचावन्नच्या पुढे!

तरी मध्येच एखादा हिसका बसत होताच. ती भानगड कार्डाच्या मेमरीची. त्यात ४ जीबीच जागा. रस्ता, भिंती, झाडं यांच्यावर जी चित्रं चिकटवलेली असतात त्यांना टेक्श्चर म्हणतात. ती मेमरीत मावली नाहीत, की संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागतात आणि तेवढ्यात गाडी अडखळते. टेक्श्चर एक पायरी खाली आणलं आणि हिसके थांबले.

दुपारी जेवायच्या आधी सगळं जागेवर. एक काम मात्र राहिलं होतं, आणि ते भाच्यालाच करायचं होतं. वही घेऊन तो बाबांसमोर उभा राहिला. म्हणाला, "बाबा, कार्ड गेलं नव्हतं. मॉनिटर घ्यायच्या आधी मी हिशोबच केला नव्हता." बाबांनी वहीतले आकडे एकेक करून वाचले. मग म्हणाले, "मीपण दुकानात किंमत विचारली, पण कारण नाही विचारलं." आणि स्वतःच खेळायला बसले! पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर. त्यात मात्र कार्डाचा काही दोष नव्हता हं.

आई-बाबांसाठी दोन शब्द. मुलांसाठी मॉनिटर घेताना नुसते इंच बघू नका, ठिपके आणि हर्ट्झ बघा, आणि घरातलं कार्ड ते ओझं पेलेल का ते आधी विचारा. तुमच्यापैकी काहींनी १९८७ साली आलेल्या व्हीजीएचे ६४० × ४८० चे पडदे वापरले असतील. आजच्या फोर-के पडद्यात तसे बरोबर २७ पडदे मावतात! कधी नवं कार्ड खरंच लागतंही. पण घ्यायच्या आधी ते डब्यात मावतंय का आणि पॉवर सप्लाय त्याला पुरेशी वीज देईल का, हे बघायला विसरू नका.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. समजा, भाच्याने फोर-केऐवजी २,५६० × १,४४० चा मॉनिटर घेतला असता, तर जुन्या पडद्याच्या किती पट काम वाढलं असतं? आणि साठचा आकडा साधारण कितीवर आला असता? वहीत मांडा. उत्तर पुढच्या अंकात ताडून बघू. तोपर्यंत, काही बिघडलंय असं म्हणायच्या आधी एक गुणाकार जरूर करा!