पबजी मथळ्यात, पिस्तूल मजकुरात

जून २०२२. लखनौमध्ये सोळा वर्षांच्या मुलाने आईला गोळी घातली. आई पबजी हा मोबाइल गेम खेळू देत नव्हती म्हणून, असं पोलिसांनी सांगितलं. झालं! मथळ्यात पबजी, टीव्हीच्या पट्टीवर पबजी, रात्रीच्या चर्चेतही पबजी. गोळी वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलातून सुटली होती. ते छापून आलं नाही असं नाही, पण आलं ते आत, मजकुरात. पिस्तूल मुलाच्या हाती लागलंच कसं, यावर कुणी तज्ज्ञ बोलावल्याचं मला आठवत नाही.

हा रोग आपलाच नाही. १४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या न्यूटाउन गावी सँडी हूक प्राथमिक शाळेत एका तरुणाने २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली. घाईघाईत चॅनेलांनी नाव चालवलं ते त्याच्या भावाचं. लोकांनी भावाचं फेसबुक उघडलं, त्यात 'मास इफेक्ट' हा गेम त्याला आवडत असल्याचं दिसलं आणि त्या गेमच्या पानावर शिव्यांचा भडिमार सुरू झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी आपण ऐकली होती. इथे संन्याशाच्या कमंडलूलाही दिली. आठवड्याभरात बंदूकवाल्यांच्या संघटनेचे वेन लापिएर पत्रकारांसमोर आले आणि त्यांनीही गेमकडे बोट दाखवलं. त्यांची सोय उघड होती.

सरकारी वकिलांचा अहवाल यायला नोव्हेंबर २०१३ उजाडला. हा तरुण मारधाडीचे गेम खेळायचा, हे त्यात आहेच. पण तासन्‌तास रमायचा तो 'डान्स डान्स रिव्होल्यूशन'मध्ये. थिएटरातल्या मशिनवर उभं राहायचं आणि पडद्यावरचे बाण बघत, गाण्याच्या ठेक्यावर पाय टाकायचे, असा हा खेळ. बंदुका आईने रीतसर विकत घेतलेल्या. आणि हे सगळं त्याने का केलं? त्याचं ठाम उत्तर सापडलं नाही, असं अहवाल म्हणतो. 'उत्तर सापडलं नाही' याचा मथळा कोण करणार?

गेम अगदी निर्दोष आहेत, असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की मारधाडीचे गेम आणि आरडाओरडा, ढकलाढकली यांचा थोडा संबंध दिसतो. पण खून-गोळीबाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. 'थोडा संबंध' हे शब्द मात्र डेस्कवर पहिल्या फटक्यात उडतात. जागा वाचते ना!

पोलिसांचा पहिल्या दिवसाचा अंदाज छापायला हरकत नाही. तो 'पोलिसांचा अंदाज' म्हणून छापा, आणि हत्यार कुठून आलं हेही त्याच मथळ्यात येऊ द्या. पुढे आरोपपत्र दाखल होईल, तेव्हा पुन्हा वार्ताहर पाठवा. आणि वाचकहो, ती दुसरी बातमी आली नाही, तर संपादकांना पत्र लिहून मागा.