पाठीवर पंप नाही, म्हणून विषबाधा नाही?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारायच्या विषाला ‘औषध’ म्हणतात. २०१७ च्या हंगामात या ‘औषधा’ने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. सरकारने चौकशी पथक नेमले. चर्चा झाली ती पाठीवर पंप घेणाऱ्याची. ती व्हायलाच हवी होती.

पण मैत्रिणींनो, फवारणीसाठी धुऱ्यापर्यंत पाणी कोण वाहते? फवारलेल्या शेतात लगेच निंदायला कोण उतरते? भिजलेले कपडे उघड्या हातांनी कोण धुते? ज्या ओटीत नारळ-तांदूळ घालून आपण बाईला ‘पोटी फळ येवो’ म्हणतो, तीच ओटी पोटाशी बांधून ती फवारलेल्या पऱ्हाटीतला कापूस वेचते. तिच्या अंगात किती विष गेले, हे कुणी मोजत नाही.

आमच्या बैठकांत बायका हळू आवाजात बोलतात. पाळी बिघडली, दिवस गेले आणि पोट पडले. हे सगळे फवारणीनेच झाले असे मी म्हणत नाही. माझा राग वेगळा आहे: दवाखान्यात तिला उपासतापास विचारतात, ‘शेतात काय फवारले होते?’ हे विचारत नाहीत. कीटकनाशकांचे अंश गर्भापर्यंत पोचतात, हे विज्ञानाने दाखवले आहे. तरी डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण ठरतो तो किती मात्रेने प्रयोगातले जनावर मरते यावरून. गर्भाचे काय होईल, हे तो रंग सांगत नाही.

आणि मूल झाले नाही तर? वांझ ठरते ती बाईच. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे कीडनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या पुरुषांच्या लक्षात आले, आपल्याला मुले होत नाहीत. तपासणीत काहींच्या वीर्यात शुक्रजंतूच नव्हते. दोन वर्षांत अमेरिकेत त्याचा वापर जवळपास थांबला. आमच्याकडे हंगामभर पंप मारणाऱ्या नवऱ्याची तपासणी होत नाही. बायकोला मात्र बुवाकडे नेतात, नाहीतर सवत आणतात.

‘मग बायकांनी शेतात जाऊ नये,’ असा शहाणपणा कुणी शिकवू नये. रोजी बुडवून आम्हाला संरक्षण नको. गरोदर बाईला फवारलेल्या शेतापासून दूरचे काम त्याच मजुरीत मिळाले पाहिजे. फवारणीनंतर किती दिवस शेतात जायचे नाही, हे मालकाने सांगितलेच पाहिजे. गरोदरपणाच्या नोंदीत फवारणीचा प्रश्न आला पाहिजे. मूल होत नसेल तर आधी दोघांचीही तपासणी झाली पाहिजे.

तोवर एक काम आपण करू. गावोगाव वही घालू. कोणत्या शेतात काय फवारले, कोण कामाला होती, कुणाला काय झाले, हे लिहून ठेवू. सरकार मोजत नसेल, तर मोजायला आपण बसू. आणि विषाला आजपासून विषच म्हणू.