भाव एक, तर कपही एकच



आठवडी बाजाराच्या दिवशी धाराशिव, कळंब, तुळजापूर किंवा उमरग्याच्या एसटी स्टँडसमोर थोडा वेळ उभे राहून पाहावे. हॉटेलांत भज्यांची कढई तापलेली असते. काचेच्या कपाटात गुलाबजामची परात मांडलेली असते. सकाळच्या वेळी सुशीलाच्या प्लेटी हातोहात जातात. पण आत बाकड्यावर बसलेले कोण असते? बहुतेक पुरुषमाणसे. आणि बाहेर पिशव्यांजवळ, लेकरू कडेवर घेऊन कोण उभे असते? आपली माय-बहीण. घरधनी आत चहा पिऊन येतो आणि फार झाले तर कागदात चार भजी बांधून आणतो. ती बिचारी उभ्या उभ्या दोन घास खाते आणि गाडी पकडते.

हॉटेलात बसून खाणे म्हणजे चैन, असे आपल्यातल्या पुष्कळांना वाटते. मोलमजुरी करणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, नगरपालिकेत झाडू मारणाऱ्या माणसाला पैशाची किंमत कळते, म्हणून असे वाटणे साहजिक आहे. उधळपट्टीचा सल्ला आम्ही कधीच देणार नाही. पण हॉटेलातली ती खुर्ची आपल्या समाजाला कोणी भेट दिलेली नाही, ती मिळवलेली आहे. सगळ्यांनी मिळून मिळवलेली गोष्ट घरातल्या निम्म्याच माणसांनी का वापरावी, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

थोडे मागे जाऊ. आपल्या वाडवडिलांच्या पोटात जाणारे अन्न कुठून येत होते? वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस गावकी करायची आणि मोबदल्यात दारोदार भाकर मागायची. येसकराच्या पाळीची ती भाकर शिळी असो की वाळलेली, पदरात पडेल ती घ्यायची. याच गुलामीचा विचार करण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला खुद्द बाबासाहेब आंबेडकर हजर होते. पुढे 1956 च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या लोकांनी मागून आणलेली भाकर सोडली. घरात काही नसले तरी चालेल, पण दारात हात पसरणार नाही, असा निश्चय त्या पिढीने केला.

मागितलेल्या भाकरीला भाव नसतो. देणाऱ्याची मर्जी हाच तिचा भाव. हॉटेलात मात्र भिंतीवर भावफलक असतो. चहा अमुक रुपये, भजी तमुक रुपये. त्या फलकावर जातीप्रमाणे वेगळे दर लिहिलेले नसतात. मग भाव सगळ्यांना एक, तर वागणूक वेगळी कशी? पण ती वेगळी होती. थोरल्यांनी सांगितलेले आपण सर्वांनी ऐकले आहे. हॉटेलाच्या बाहेर वळचणीला आपला कप वेगळा ठेवलेला असे, बहुधा कानतुटका. तो आपणच उचलायचा, त्यात वरून चहा ओतून घ्यायचा, उकिडवे बसून प्यायचा आणि आपणच विसळून पुन्हा तिथे पालथा घालायचा. पैसे मात्र पूर्ण द्यायचे. त्या नाण्यावर पाणी शिंपडले की ते गल्ल्यात जायला मोकळे.

या कपाला पहिला धक्का कोणी दिला, हे सांगताना आपल्या जिल्ह्याबाहेर, कोल्हापूरला जावे लागेल. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा करायला सांगितले आणि गंगारामांनी कोल्हापुरात ‘सत्यसुधारक’ हे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? कोणी येईना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी हॉटेलासमोर थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाने घेतला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? महाराज 1922 साली गेले, पण एका चहाच्या कपाने काय होते, हे त्यांनी दाखवून दिले.

पण प्रत्येक गावाला शाहू महाराज कुठून मिळणार? म्हणून राजाच्या मर्जीपेक्षा कायदा हवा. भारतीय संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. जात, धर्म, लिंग अशा कारणांवरून तिथे कोणालाही अडवता येत नाही. संविधान सभेत 29 नोव्हेंबर 1948 रोजी या कलमावर चर्चा चालू असताना ‘दुकान’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी उत्तराचा आशय असा दिला की, जो कोणी येईल त्याला सेवा देण्याच्या तयारीने मालक जिथे बसला आहे ती जागा म्हणजे दुकान. त्यात धोबी आला, केशकर्तनालय आले. लक्षात घ्या, त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही मंजूर झाले.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नव्हते. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहरात वूलवर्थच्या दुकानात काळ्या लोकांना किरकोळ सामान विकत मिळे, पण तिथल्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मिळत नसे. पैसे चालत होते, माणूस चालत नव्हता. 1 फेब्रुवारी 1960 रोजी चार काळे विद्यार्थी त्या काउंटरवर जाऊन शांतपणे बसले. हाकलले तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, मग शेकडो आले. अखेर 25 जुलै 1960 रोजी त्या काउंटरवर काळ्यांनाही वाढावे लागले. खुर्चीवर बसणे हासुद्धा सत्याग्रह होऊ शकतो, तो असा.

आता आपल्या घराकडे येऊ. चवदार तळ्याच्या वारसदारांच्या घरातली बाई हॉटेलाच्या दाराबाहेर उभी राहते, हे आपल्याला शोभते का? सकाळी चुलीपासून रात्री भांड्यांपर्यंत ती सगळ्यांना वाढते. तिला कोणी तरी एकदा बसवून वाढावे, असे आपल्या मनात कधी येते का? आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. आपल्या काही थोरल्या बाया आजही हॉटेलात चहा पिऊन झाला की कप हातात घेऊन मोरीकडे निघतात. त्यांना कोणी सांगितलेले नसते. लहानपणी हाताला लागलेले वळण म्हातारपणीही सुटत नाही. अशा वेळी नातवंडांनी हसू नये. हलकेच हात धरून म्हणावे, “आजी, राहू दे कप तिथंच.” कायद्याने वळचणीचा कप काढला. आजीच्या मनातला कप आपणच काढायचा आहे.

यासाठी फार खर्च लागत नाही. दर आठवड्याला जा, असे आम्ही म्हणत नाही. मुलाचा निकाल लागला, बोनस मिळाला, आठवड्याची चांगली हजेरी पडली, अशा निमित्ताने वर्षातून तीन-चार वेळा सगळ्या घराने मिळून जावे. परमिट रूमची पाटी असलेले ठिकाण टाळावे. दारूच्या एका क्वार्टरच्या पैशात चौघांचा चहा-नाश्ता सहज होतो, हा हिशोब घरधन्याने एकदा मनाशी करून पाहावा. आणि भूम-वाशीकडच्या खव्याचे गुलाबजाम आपल्या जिल्ह्याचे भूषण आहेत, त्यांची चव आपल्या लेकरांना बसून घेऊ द्या.

आत गेल्यावर बुजू नये. आधी भावफलक किंवा मेन्यूकार्ड मागावे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला मोठ्याने वाचायला लावावे. थाळीत काय काय येते, भाकरी-चपाती मोजून मिळते की पोटभर, जादा वाटीचे पैसे वेगळे का, हे आधीच विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. बाटलीचे पाणी नको असेल तर साधे पाणी मागावे. उरलेले अन्न बांधून घ्यावे.

बिल आले की तपासावे. साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के असतो. समजा 120 रुपयांच्या चार थाळ्या झाल्या, तर 480 रुपये आणि कर 24 रुपये, मिळून 504. पण कर लावणाऱ्या हॉटेलाचा जीएसटी क्रमांक बिलावर छापलेला हवा. काही लहान हॉटेले ठोक पद्धतीने कर भरतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेता येत नाही. मोठ्या शहरातल्या हॉटेलात ‘सर्व्हिस चार्ज’ जोडलेला दिसला तर तो देणे सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसे स्पष्ट केले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले.

आणि कुठे वेगळा कप, वेगळे बाकडे दिसलेच तर? हातघाईवर येऊ नका. तारीख, वेळ, हॉटेलचे नाव आणि सोबतच्या माणसांची नावे लिहून ठेवा. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात हॉटेलातला प्रवेश आणि तिथली भांडी वापरणे या दोन्ही गोष्टी आहेत. अडवणाऱ्याला एक ते सहा महिने कैद आणि दंडही होतो. 26 जानेवारी 2016 पासून अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही सार्वजनिक ठिकाणची भांडी वापरू न देणे हा गुन्हा आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आहे. बौद्ध झालो म्हणून हा कायदा लागू नाही, असे कोणी सांगितले तर फसू नका. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे, मात्र जातीचा दाखला घरात तयार हवा. 14566 हा मोफत मदतीचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

शेवटी एक गोष्ट. टेबल पुसणारा, कपबशा विसळणारा माणूसही आपल्यासारखाच कष्टकरी आहे. त्याला “ए पोऱ्या” म्हणून हाक मारू नका. “दादा, पाणी देता का?” म्हटल्याने आपली जीभ झिजत नाही. आणि तो खरोखरच चौदा वर्षांच्या आतला पोर असेल तर गप्प बसू नका. हॉटेल-ढाब्यांवर अशा मुलांना कामाला ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. 1098 वर फोन करा. ज्यांच्या पुढ्यात पालथा कप ठेवला गेला, त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याच्या लेकराचे बालपण मोरीत विसळले जाताना पाहत राहू नये.

येत्या बाजाराच्या दिवशी एवढे करा. पिशव्या आत घ्या, आधी घरातल्या बाईला खुर्ची द्या आणि काय मागवायचे ते तिला विचारा. जय भीम.